जुना बॉयलर, नवा बॉयलर आणि मधला आकडा

ब्रिटनमध्ये घर घेतलेल्या मराठी माणसाला दोन खर्च हमखास हबकवतात. एक छपराचा, दुसरा बॉयलरचा. छपराचं निदान दिसतं तरी. पाणी टपकायला लागलं की कळतं. बॉयलर मात्र स्वयंपाकघरातल्या कपाटात पंधरा-वीस वर्षं गुपचूप चालत असतो आणि जानेवारीत, बाहेर पारा शून्याखाली असताना, एका सकाळी मान टाकतो. मग फोनाफोनी, मग तीन कोटेशनं. तिन्ही समोर ठेवली की डोकं चक्रावतं. घर तेच, रेडिएटर तितकेच, बॉयलरही जवळपास सारखा, आणि सर्वांत स्वस्त व सर्वांत महाग आकड्यात हजार-दीड हजार पौंडांचं अंतर.

महागवाला लुबाडतोय, हा पहिला संशय. स्वस्तवाला थुकपट्टी करून जाणार, हा दुसरा. दोन्ही खरे असू शकतात आणि दोन्ही खोटेही. नुसत्या आकड्यावरून ते ठरत नाही. माझ्या मते रास्त कोटेशनची खूण एकच: आकडा सांगण्याआधी त्या माणसानं तुमच्या घरात काय काय मोजलं. ज्यानं काहीच मोजलं नाही, त्याचा आकडा स्वस्त असो की महाग, तो अंदाजच आहे. आणि त्या अंदाजाची जोखीम कोणी घ्यायची हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

हा प्रश्न आत्ताच इतक्या घरांत का उभा राहतोय, याला इतिहास आहे. १९६७ ते १९७७ या काळात ब्रिटननं घराघरांतला कोळशापासून बनवलेला गॅस बंद करून उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू आणला. त्याच्या आगेमागे मध्यवर्ती हीटिंग पसरलं. बैठकीच्या खोलीतल्या गॅस-फायरच्या मागे दडवलेला ‘बॅक बॉयलर’, माळ्यावर पाण्याची टाकी, कपाटात तांब्याचं सिलिंडर असा तो जामानिमा. जुन्या बॉयलरांत जळणाऱ्या गॅसपैकी तीस-चाळीस टक्के उष्णता धुरासोबत निघून जायची. १ एप्रिल २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नवा गॅस बॉयलर ‘कंडेन्सिंग’ प्रकारचा, म्हणजे धुरातल्या वाफेचीही उष्णता परत मिळवणारा, असणं जवळपास सक्तीचं झालं. २०१० च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये जुनाट बॉयलर मोडीत काढणाऱ्यांना सरकारनं ४०० पौंडांचं व्हाउचरही दिलं. त्या लाटेत बसवलेले बॉयलर आता पंधरा ते वीस वर्षांचे झालेत, आणि एका बॉयलरचं आयुष्य साधारण तेवढंच धरतात.

तरी ‘बदलायलाच हवा का?’ हा प्रश्न आधी विचारावा. पंखा, डायव्हर्टर व्हॉल्व्ह किंवा सर्किट बोर्ड जाणं म्हणजे बॉयलर जाणं नव्हे. दोन-चारशे पौंडांत दुरुस्त झालेला बॉयलर आणखी तीन-चार हिवाळे काढतो, आणि निदान निर्णय तरी घाईत घ्यावा लागत नाही. ‘ह्याचे पार्ट आता मिळत नाहीत’ हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ते पडताळणं सोपं आहे. बॉयलरच्या खालच्या झडपेमागे एक पट्टी असते, तिच्यावर ‘जीसी नंबर’ म्हणून सात आकडे असतात. तो नंबर घेऊन सुट्या भागांच्या दुकानाला विचारलं की पाच मिनिटांत कळतं, खरंच मिळत नाहीत की समोरच्याला नवा बॉयलर विकायचाय. अर्थात आतला हीट एक्स्चेंजर फुटला असेल तर दुरुस्तीवर पैसे घालू नयेत.

आता आकड्याच्या पोटात शिरू. कॉम्बी (रेडिएटर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारा बॉयलर) काढून त्याच जागी कॉम्बी, हे सगळ्यांत साधं काम. त्याला ढोबळमानानं दोन ते साडेतीन हजार पौंड पडतात. लंडन आणि आसपास वरच्या टोकाला, उत्तरेकडे खालच्या. ह्यातली बॉयलरच्या डब्याची किंमत बहुधा निम्म्याहून कमी असते. उरलेल्यात मजुरी, धुराडं म्हणजे फ्ल्यू, पाइप, फिल्टर, रसायनं, थर्मोस्टॅट, जुना बॉयलर उचलून नेणं, आणि कंपनी असेल तर तिची जाहिरात, कॉल सेंटर आणि सेल्समनचं कमिशन. शिवाय २० टक्के व्हॅट. ह्या व्हॅटनं पुष्कळांची फसगत होते. वर्षाची उलाढाल ९० हजार पौंडांच्या आत असलेल्या व्यावसायिकाला (एप्रिल २०२४ पासूनची ही मर्यादा, आधी ८५ हजार होती) व्हॅट नोंदणी बंधनकारक नाही. म्हणजे एकट्यानं काम करणारा फिटर कायद्यानंच व्हॅट लावत नाही. दुकानातून बॉयलर घेताना तो स्वतः मात्र व्हॅट भरतो आणि त्याला तो परत मिळत नाही, म्हणून त्याची बचत पूर्ण २० टक्क्यांची नसते, मजुरीपुरतीच असते. तेव्हा तीन कोटेशनांची तुलना करण्याआधी पहिला प्रश्न: व्हॅट धरून की सोडून? ‘रोख दिलेत तर व्हॅट नाही’ म्हणणारा गडी वेगळा. त्याच्याकडून पावती मिळत नाही आणि पावती नसली की पुढच्या तक्रारीलाही आधार उरत नाही.

कोटेशन देणारे साधारण तीन जातींचे. मोठ्या राष्ट्रीय कंपन्या महाग असतात. त्यांच्याकडे माणसांचं बळ असतं, हप्त्यांची सोय असते, आणि कडाक्याच्या थंडीत दोन दिवसांत कोणीतरी दारात येतं. दुसरे मोबाइलवर दोन मिनिटांत ‘फिक्स्ड प्राइस’ देणारे. किती बेडरूम, किती बाथरूम, फ्ल्यू भिंतीतून जातो की छपरातून, एक-दोन फोटो, की आकडा हजर. काम पुढे स्थानिक फिटरकडेच जातं. साध्या बदलीसाठी हा मार्ग वाईट नाही, पण ‘फिक्स्ड’ हा शब्द त्यांच्या गृहीतकांपुरताच फिक्स्ड असतो. घरी आलेल्या फिटरला गॅसचा पाइप बारीक दिसला की वाढीव बिल. तिसरा गल्लीतला, शेजाऱ्यांच्या तोंडी नाव असलेला फिटर. चांगला असेल तर ह्याच्यासारखं सुख नाही. पण चांगल्याला वेळ नसतो आणि तो लेखी कोटेशन द्यायला कंटाळतो. त्याच्या मागे लागून ते लिहून घ्यावंच. तिघांपैकी कोणीही असो, गॅसला हात लावणारा माणूस ‘गॅस सेफ रजिस्टर’वर नोंदलेला असला पाहिजे. एप्रिल २००९ मध्ये जुन्या ‘कॉर्गी’ची जागा ह्या नोंदवहीनं घेतली. त्याच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला कुठल्या कामांची परवानगी आहे ते छापलेलं असतं. पुढची बाजू सगळे दाखवतात. आपण उलटून बघावं.

लेस्टरमध्ये आमच्या ओळखीच्या एका काकूंकडे दोन पाहुणे आलेले मी बघितले. पहिला एका कंपनीचा. बूट काढून सोफ्यावर बसला, टॅबलेट उघडला, रेडिएटर मोजले, बॉयलरचा एक फोटो काढला. दहा मिनिटांत आकडा, आणि लगोलग, ‘आज सही केलीत तर दोनशे कमी.’ दुसरा पन्नाशीचा स्थानिक फिटर. तो सोफ्यावर बसलाच नाही. जिन्याखालचं मीटरचं कपाट उघडून गुडघ्यांवर बसला. मीटरपासून निघालेला तांब्याचा पाइप फरशीखाली कुठे शिरतो, पुन्हा कुठे वर येतो ते बोटानं दाखवत गेला. मग काकूंना शेगडीचे चारही बर्नर पेटवायला सांगितले, बॉयलर पूर्ण जोरात लावला आणि दाबमापकाची नळी आधी मीटरला, नंतर बॉयलरपाशी जोडली. मीटरला २१ मिलिबार, बॉयलरपाशी १८. ‘मी डक,’ तो म्हणाला (त्या भागात सगळ्यांना असंच संबोधतात, काकूंना अजून त्याचं हसू येतं), ‘पंधराच्या पाइपात भागायचं नाही, बावीसचा टाकावा लागेल.’

त्याचा आकडा तीनशे पौंडांनी जास्त आला. काकू मला म्हणाल्या, ‘अरे, पहिला बरा नव्हता का? हा तर वर तीनशे मागतोय.’

प्रत्यक्षात तीनशे पहिल्याच्याही कामात दडलेले होते. त्यानं ते बघितले नव्हते इतकंच. नियम असा की मीटरपासून उपकरणापर्यंत दाबाची घट एक मिलिबारपेक्षा जास्त नसावी. जुन्या बॉयलरची गॅसची भूक कमी असायची, त्याला १५ मिलिमीटरचा पाइप पुरायचा. नवा कॉम्बी गरम पाण्यासाठी एकदम ३० किलोवॅट ओढतो, तेव्हा लांब पल्ल्याच्या बारीक पाइपात दाब पडतो. अशा घरात पाइप न बदलता बॉयलर बसवणारे दोन प्रकारचे: कामाच्या दिवशी, जुना बॉयलर काढून झाल्यावर, घर थंडगार असताना जास्तीचे पैसे मागणारे, आणि काहीच न बोलता बसवून जाणारे. दुसरे जास्त धोक्याचे.

बॉयलर केवढा घ्यावा ह्यावर सर्वांत जास्त गैरसमज आहेत, आणि विकणाऱ्याला ते सोयीचेच आहेत. कॉम्बी दोन कामं करतो: रेडिएटर तापवतो आणि नळ उघडला की त्या क्षणी पाणी गरम करतो. तीन बेडरूमच्या साध्या सेमी-डिटॅच्ड घराला कडाक्याच्या थंडीतही घर उबदार ठेवायला साधारण ६ ते १० किलोवॅट पुरतात. मग २४, ३०, ३५ हे आकडे कुठून आले? नळातून. पाण्याचं तापमान ३५ अंशांनी वाढवायचं तर २४ किलोवॅटचा कॉम्बी मिनिटाला सुमारे १० लिटर देतो, ३० चा १२, ३५ चा १४. म्हणजे मोठा कॉम्बी घर जास्त गरम करत नाही, फक्त शॉवर जोरात देतो. आणि तोही रस्त्यावरच्या मुख्य वाहिनीतून तेवढं पाणी येत असेल तरच. ह्याची परीक्षा घरच्या घरी होते. बादली घ्या, स्वयंपाकघरातला गार पाण्याचा नळ पूर्ण सोडा, मोबाइलवर एक मिनिट लावा आणि किती लिटर जमा झालं ते मोजा. दहाच लिटर आलं तर ३५ किलोवॅटच्या बॉयलरवर घातलेले जास्तीचे पैसे वायाच. घरी येऊन हे मोजल्याशिवाय ‘तुम्हाला पस्तीसच लागेल’ म्हणणाऱ्याला मी तरी काम देणार नाही.

मोठ्या बॉयलरचा दुसरा तोटा कोणी सांगत नाही. तो एका मर्यादेखाली मंद होऊ शकत नाही. बाहेर दहा अंश असताना घराला तीन किलोवॅट हवेत आणि बॉयलर सहाच्या खाली उतरत नाही, तेव्हा तो सारखा पेटतो-विझतो. गॅस जास्त जातो, भाग लवकर झिजतात. म्हणून पत्रकात मोठ्या अक्षरातला कमाल आकडा बघून झाला की बारीक अक्षरातला किमान आकडाही बघावा. दोन बाथरूम आणि पाच-सहा माणसांचं घर असेल, आई-वडील भारतातून सहा-सहा महिने येऊन राहत असतील आणि सकाळी सगळ्यांची आंघोळीची घाई एकाच वेळी असेल, तर कॉम्बीचा हट्ट सोडून छोटा बॉयलर आणि गरम पाण्याचं सिलिंडर ही जोडी बरी. आपल्याकडच्या बंबासारखं पाणी साठवून ठेवणं इथे जुनाट समजलं जातं, पण दोन शॉवर एकदम चालवायचे असतील तर तेच कामाला येतं. सिलिंडर असलेल्या घराला कुणी सरसकट ‘कॉम्बी करून टाकू’ म्हणत असेल, तर का ते विचारावं.

बॅक बॉयलर किंवा माळ्यावरची टाकी काढून कॉम्बी करणं हे बदली काम नव्हेच; ते दोन दिवसांचं, कधी तीन दिवसांचं काम आहे आणि आकडा त्या प्रमाणात चढतो. इथे एक जोखीम खरी आहे. टाकीच्या जमान्यात रेडिएटरांच्या पाइपांवर दाब फारसा नव्हता. बंद प्रणालीत तो एक-दीड बार होतो, आणि फरशीखाली पुरलेला चाळीस वर्षांचा पाइप कुठेतरी पाझरायला लागतो. हे आधी सांगणारा फिटर घाबरवत नसतो, तो प्रामाणिक असतो. पाझर निघालाच तर खर्च कोणाचा, हे कोटेशनमध्ये लिहून घ्यावं.

सर्वांत जास्त वादाची ओळ म्हणजे ‘पॉवर फ्लश’. चारशे ते सातशे पौंडांची ही ओळ एकाच्या कोटेशनमध्ये असते, दुसऱ्याच्या नसते, आणि आकड्यांतला निम्मा फरक कधी कधी एवढाच असतो. लोखंडी रेडिएटर आतून गंजतात आणि त्याचा काळा चिकट गाळ पाण्यात फिरत राहतो. नव्या बॉयलरचे आतले मार्ग अरुंद असतात, तिथे तो गाळ बसला की हीट एक्स्चेंजर गेला, आणि पाणी स्वच्छ केलं नव्हतं म्हणून कंपनी वॉरंटी नाकारते. तेव्हा स्वच्छता हवीच. ‘बीएस ७५९३’ हे ब्रिटिश मानक तेच सांगतं, आणि २०१९ च्या आवृत्तीपासून त्यात फिल्टरही आला. पण स्वच्छता म्हणजे दर वेळी यंत्र लावून केलेला पॉवर फ्लश नव्हे. एखाद्या रेडिएटरची चावी फिरवून थोडं पाणी पांढऱ्या कपात घ्या. चहासारखं असेल तर रसायन टाकून साधं धुणं पुरतं. शाईसारखं काळं असेल आणि रेडिएटर वरून गरम, खालून मधोमध गार लागत असतील, तर फ्लशला पर्याय नाही. (वरून गार आणि खालून गरम म्हणजे नुसती हवा; ती काढायला कोणी पैसे मागू नयेत.) न बघता फ्लश लावणारा आणि न बघता गाळणारा, दोघेही सारखेच.

कंडेन्सेटच्या पाइपाकडे कोणाचंच लक्ष नसतं. कंडेन्सिंग बॉयलरमधून ठिबकणारं किंचित आम्लयुक्त पाणी बाहेर नेणारी ती पांढरी प्लास्टिकची नळी. डिसेंबर २०१० ची थंडी ब्रिटनमध्ये शंभर वर्षांत पडली नव्हती अशी होती. तेव्हा घरोघरी ह्या नळ्या गोठल्या, पाणी मागे तुंबलं आणि धडधाकट बॉयलर ऐन बर्फात बंद पडले. लोक केटलीनं कोमट पाणी ओतत अंगणात उभे होते. नळी शक्यतो घरातूनच सांडपाण्याच्या पाइपाला जोडावी. बाहेरून न्यावीच लागली तर ३२ मिलिमीटरची, आखूड आणि उबदार वेष्टण घातलेली असावी. काही पौंडांचं काम, पण पुढचं पहाटेचं फोन करणं वाचतं.

फ्ल्यूचं थोडक्यात. खिडकीपासून निदान ३०० मिलिमीटर अंतर, शेजाऱ्याच्या अंगणावर वाफेचा लोट जाणार नाही अशी दिशा, आणि छपरातून न्यायचा असेल तर मचाणाचा खर्च कोटेशनमध्ये आहे ना, एवढं पाहावं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचं प्रकरण वेगळं. तिथे फ्ल्यू अनेकदा छताच्या पोकळीतून गेलेला असतो आणि १ जानेवारी २०१३ पासून अशा फ्ल्यूला तपासणीसाठी झडपा नसतील तर इंजिनिअर बॉयलर बंद करायला सांगतो. त्या झडपांचा खर्च आणि फ्रीहोल्डरची परवानगी दोन्ही आधीच सोडवावं.

कोटेशनमध्ये ‘मोफत’ म्हणून मिरवणाऱ्या तीन गोष्टींनी माझं डोकं फिरतं. पहिली स्मार्ट थर्मोस्टॅट. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१८ पासून ‘बॉयलर प्लस’ नावाचा नियम आहे. वेळ आणि तापमान ठरवणारं नियंत्रण प्रत्येक नव्या गॅस बॉयलरला हवं, आणि कॉम्बीला त्यावर आणखी एक सुधारणा लागते: बाहेरच्या हवेनुसार किंवा घराच्या गरजेनुसार पाण्याचं तापमान जुळवणारं नियंत्रण, धुरातून उष्णता परत मिळवणारं साधन, किंवा स्वतः शिकणारा स्मार्ट थर्मोस्टॅट. म्हणजे भेट म्हणून जे देतात ते किंवा त्यासारखं काहीतरी देणं त्यांना भागच आहे. दुसरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये नवा गॅस बॉयलर बसवताना तोही सक्तीचा आहे. तिसरी ‘हायड्रोजनसाठी तयार’ ही मखलाशी. गॅसमध्ये २० टक्के हायड्रोजन मिसळला तरी चालेल असे बॉयलर १९९६ पासूनच विकले जात आहेत. ह्या जाहिरातींमुळे ग्राहकांची दिशाभूल होते का, ह्याची चौकशी स्पर्धा नियामकानं २०२३ मध्ये केली. ह्या तीन ओळींसाठी एक पौंडही जास्त देऊ नये.

ब्रँडवर मी फार वेळ घालवणार नाही. वॉर्सेस्टर बॉश, व्हेलांट, आयडियल, व्हीसमान, बॅक्सी ह्या नेहमीच्या नावांत उडदामाजी काळेगोरे थोडंफार आहे, पण कोण बसवतो ह्याचा परिणाम त्याहून मोठा. वॉरंटीची वर्षं मात्र वाचावीत. एकच बॉयलर एका फिटरकडून पाच वर्षांच्या आणि कंपनीच्या मान्यताप्राप्त फिटरकडून दहा वर्षांच्या वॉरंटीनं मिळतो. दरवर्षी सर्व्हिस केली नाही की ती संपते, आणि ती फक्त बॉयलरची असते, रेडिएटर-पाइपांची नाही.

आता घासाघीस. ‘शेवटचा किती?’ हा आपला आवडता प्रश्न इथे उलटतो. फिटर आकडा कमी करतो खरा, पण त्याबरोबर आपल्याला न दिसणारं काहीतरी गाळतो: चांगला फिल्टर, धुण्याचं रसायन, किंवा शेवटची अर्धा तासाची जुळवणी, जिच्यात पाण्याचं तापमान ७५-८० वरून ६० च्या आसपास आणलं जातं. ती जुळवणी गाळली तर कंडेन्सिंग बॉयलर नीट कंडेन्स होतच नाही, कारण परतीचं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच वाफेतली उष्णता मिळते. म्हणून आधी कामांची यादी पक्की करावी, तीच यादी तिघांना द्यावी, आणि मग त्या यादीवर भाव करावा. भाव करण्याची खरी ताकद मात्र ऋतूत आहे. मे ते ऑगस्ट फिटरांना काम हवं असतं. पंधरा वर्षांचा बॉयलर गेल्या हिवाळ्यात दोनदा कुरकुरला असेल, तर उन्हाळ्यात स्वतःहून कोटेशनं मागवावीत, तिघांची पुरतात. ‘आजच सही’ची सवलत उद्याही मिळते. कोटेशन आणि एस्टिमेट ह्यांतही गफलत करू नये: कोटेशन स्वीकारलं की आकडा बांधील, एस्टिमेट हा अंदाज.

हप्त्यांचं गणित सरळ गुणाकारानं करावं. तीन हजारांच्या कामाला ‘महिना फक्त ४० पौंड’ दहा वर्षं भरले की ४,८०० होतात. घरच्या बचतीतून किंवा एखाद्या बिनव्याजी कार्डावरून जमत असेल तर ते बघावं.

मग बॉयलरच का, विजेवर चालणारा हीट पंप का नाही? हा प्रश्न आता टाळता येत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये हीट पंपासाठी ‘बॉयलर अपग्रेड स्कीम’चं अनुदान २३ ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० पौंड झालं, अर्ज फिटर करतो आणि रक्कम बिलातूनच वजा होते. स्कॉटलंडची योजना वेगळी आहे, तिथे अनुदानासोबत बिनव्याजी कर्जही मिळतं. हीट पंपावर मार्च २०२७ अखेरपर्यंत व्हॅट शून्य, तर गॅस बॉयलरवर २० टक्के. बारा-तेरा हजारांचं काम त्यामुळे पाच हजारांच्या घरात येतं. खरी अडचण चालवण्याच्या खर्चाची. वीज युनिटमागे गॅसच्या जवळपास चौपट महाग आहे. म्हणून हीट पंपानं एका युनिट विजेत साडेतीन युनिट उष्णता दिली तर गॅसशी कशीबशी बरोबरी होते. नीट आखलेला पंप ती देतो, रात्रीच्या स्वस्त विजेचा दर घेतला तर पुढेही जातो. घिसाडघाईनं बसवलेला देत नाही. गॅसची जोडणीच काढून टाकली तर तिचा वर्षाला शंभर पौंडांहून जास्त स्थिर आकार वाचतो. भिंतींत इन्सुलेशन असलेल्या, सिलिंडरला जागा असलेल्या घरानं निदान एक हीट पंपाचं कोटेशन घ्यावंच. त्यासाठी खोलीगणिक उष्णतेचा हिशेब करावा लागतो, आणि तो हिशेब हातात आला की बॉयलरवाल्यांच्या ‘पस्तीसच लागेल’ला उत्तरही मिळतं. जानेवारीत बंद पडलेल्या बॉयलरच्या जागी मात्र हीट पंप आठवड्यात येत नाही. आधी विचार न केलेल्या माणसाला पुन्हा गॅसच परवडतो.

भाड्यानं राहणाऱ्यांनी ह्या सगळ्यात पडू नये. बॉयलर दुरुस्त ठेवणं ही इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्यानं घरमालकाची जबाबदारी आहे आणि दरवर्षीचं गॅस तपासणीचं कागदपत्र मागणं हा भाडेकरूचा हक्क.

पैसे देताना थोडी सावधगिरी. घरी येऊन किंवा ऑनलाइन केलेला करार २०१३ च्या नियमांनुसार चौदा दिवसांत रद्द करता येतो. तातडीच्या दुरुस्तीसाठी तुम्हीच बोलावलं असेल तर ही सवलत लागू होत नाही, आणि मुदतीच्या आत काम सुरू करायला सांगितलंत तर झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात. सगळी रक्कम आगाऊ मागणाऱ्याला नकार द्यावा. आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डावरून दिली तर १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या ७५ व्या कलमानं शंभरहून जास्त आणि तीस हजारांपर्यंतच्या कामाला कार्ड कंपनीही जबाबदार ठरते. आगाऊ रक्कम थोडीच असली तरी हे संरक्षण पूर्ण कामाला मिळतं. शेवटचा हप्ता द्यायच्या आधी बॉयलरच्या पुस्तिकेतला ‘बेंचमार्क’चा तक्ता भरलेला बघावा. गॅसचा दाब, पाण्याचं तापमान, कुठलं रसायन टाकलं, हे सगळं तिथे फिटरनं आपल्या हातानं लिहायचं असतं. इंग्लंड-वेल्समध्ये काम झाल्यावर तीस दिवसांत त्यानं त्या कामाची नोंद करायची असते, मग बांधकाम नियमांच्या पूर्ततेचं प्रमाणपत्र पोस्टानं घरी येतं. आलं नाही तर मागे लागून मिळवावं आणि घराच्या कागदपत्रांत ठेवावं. घर विकायची वेळ आली की समोरच्याचा वकील ते मागतोच.